रीडच्या पिशवीतल्या वड्या

व्हर्डा सोरेन्सन दुकानात गेली की फळीवरचा पुढचा माल कधी उचलत नसे. जवळच्या तारखेचं पुढे लावतात आणि लांबच्या तारखेचं मागे ढकलतात, हे तिला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. ती कोपरापर्यंत हात आत घालायची, शेवटच्या रांगेतलं पाकीट ओढून काढायची, कपाळावरचा चष्मा नाकावर आणून तारीख वाचायची आणि मगच टोपलीत टाकायची. तिच्या मागून दुकानातल्या पोरींना सगळी फळी पुन्हा लावावी लागे. त्यांची कुरकुर व्हर्डाला ऐकू येत असे, पण खवट खाण्यापेक्षा कुरकुर बरी असं तिचं मत होतं.

नेवाडाच्या शेजारच्या राज्यातल्या आमच्या सॅनपीट खोऱ्यात घरोघरी बाहत्तर तासांची पिशवी असते, माणशी एक. भूकंप होवो नाहीतर डोंगराचा वणवा खाली उतरो, पिशवी पाठीला मारायची आणि निघायचं. तीन दिवस तरी कुणाच्या दारात हात पसरायला नको. एप्रिलात आणि ऑक्टोबरात चर्चचं अधिवेशन टीव्हीवर असतं आणि त्या शनिवार-रविवारी सगळं खोरं घरात बसतं. तेव्हा पिशव्या तळघरातून वर येतात. जुनं खाणं टीव्हीसमोर बसून संपवायचं आणि नवं भरायचं. टाकायचं काहीच नाही. अधिवेशनातली भाषणं पुढेमागे विसरली जातात, पण त्या दिवशी खाल्लेल्या शिळ्या वड्यांची चव पोरांच्या जिभेवर जन्मभर राहते.

वॉर्डातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीतल्या, बायकांना या पिशव्यांचं शास्त्र व्हर्डा शिकवायची. चर्चमध्ये सगळे एकमेकांना भाऊ-ताई म्हणत, पण पिशवीच्या बाबतीत व्हर्डाताईचा शब्द बिशपपेक्षा वर होता. एनर्जी बार म्हणून ज्या वड्या मिळतात त्यांची तिने जणू कुंडलीच मांडली होती. शेंगदाणे नि अक्रोड घातलेल्या वड्या सगळ्यांत आधी खवट होतात. चॉकलेटच्या, गाडीत राहिल्या तर जुलैत वितळतात आणि हिवाळ्यात पांढऱ्या पडतात. जर्दाळूच्या दाताला जड जातात. ओट आणि मधाच्या मात्र गुणी, वर्षभर कुरबुर करत नाहीत. आणि सगळ्यांत टिकाऊ म्हणजे जहाजाच्या जीवरक्षक होड्यांमध्ये ठेवतात ते पीठ, साखर आणि चरबी दाबून केलेले लिंबाच्या चवीचे ठोकळे. ते पाच वर्षं टिकतात. खडूला गोडी असती तर तो तसाच लागला असता.

आणि शेवटचा धडा, पिशवीत च्युइंगम घालायचं नाही. त्याचा वास वेष्टनांतून आरपार जातो आणि सगळ्या खाण्याला लागतो. हे ज्ञान तिला फुकट मिळालं नव्हतं. पोरं लहान असताना तिनेच हौसेने सगळ्या पिशव्यांत पुदिन्याचं गम घातलं होतं आणि पुढच्या अधिवेशनाला सोरेन्सन कुटुंबाने पुदिन्याच्या वड्या, पुदिन्याचे खारे शेंगदाणे आणि पुदिन्याचं सुकं मांस खाल्लं. तेव्हापासून व्हर्डाने कानाला खडा लावला. शेजारच्या लारू बॅगलीने मात्र ती गोष्ट अजून जिवंत ठेवली होती.

"व्हर्डाताई, आमच्याकडे पाहुणे यायचेत," लारू म्हणायची. "तुझ्याकडचं ते पुदिन्याचं मटण शिल्लक आहे का गं?"

मुलं मोठी झाली आणि लग्नं होऊन गेली. जाताना प्रत्येकाची पिशवी त्याच्याबरोबर गेली. तळघरात जिन्याखालच्या खुंट्यांवर तीनच उरल्या. एक व्हर्डाची, एक तिचा नवरा आर्लो याची आणि एक धाकट्या रीडची. रीडचं लग्न झालं नव्हतं आणि तो गेला तेव्हा पिशवी घेऊन गेला नव्हता.

रीड एकोणिसाव्या वर्षी चर्चच्या प्रचारकामाला चिलीला गेला. सगळे जातात, दोन वर्षं काढून परत येतात आणि मग त्यांचं स्वागत होतं. रीड वर्षाच्या आतच परत आला. रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडतं, एवढंच त्याने सांगितलं. चर्चमध्ये लोक त्याचा हात नको इतका वेळ हातात धरून ठेवत. लारू तर मयताचे बटाटे घेऊन आली. किसलेले बटाटे, चीज, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा, हे आमच्याकडे कुणी गेलं की त्या घरी नेऊन देतात. लारूच्या मनात वाईट काही नव्हतं, तिला दुसरं काही रांधता येत नाही. रीडने झाकण उघडून पाहिलं आणि विचारलं, "आई, मेलं कोण?"

व्हर्डाला हसू आलं होतं. पण टेबलाच्या टोकाला आर्लो बसला होता. तो म्हणाला, "सोरेन्सनांच्या घरात काम अर्धवट टाकून कुणी परत आलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी रीड नेवाडात एल्कोला सोन्याच्या खाणीत कामाला गेला तो गेलाच. आईला फोन करायचा. बाप घरात असला तर लवकर ठेवायचा. रात्रीच्या प्रार्थनेत आर्लोची पाळी आली की तो सगळ्या मुलांची नावं घ्यायचा आणि रीडच्या नावाशी आला की घसा खाकरून पुढे जायचा. व्हर्डाला त्या खाकरण्याचा राग यायचा. पण प्रार्थनेत भांडता येत नाही.

रीड गेल्यावरच्या पहिल्या अधिवेशनाला व्हर्डाने त्याची पिशवी उघडली आणि त्याचे मोजे पाहून तिथेच जिन्यावर बसून रडली. मग तिने डोळे पुसले, दुकानात जाऊन ते पाच वर्षांचे ठोकळे आणले, पिशवीत भरले आणि चेन ओढून घेतली. लोकांना तिने सांगितलं की हे स्वस्त पडतात. खरं कारण एवढंच होतं की ती पिशवी दर सहा महिन्यांनी उघडणं तिच्याच्याने होणार नव्हतं. सगळ्यांत टिकाऊ खाणं तिने पोराची आठवण लांबणीवर टाकायला वापरलं. त्यानंतर गुडघे दुखायला लागले आणि तळघरात जाणंही सुटलं. पिशव्या आर्लो वर आणायचा. रीडची वर यायची नाही, कारण तिची तारीख लांब होती.

ती तारीख आता याच ऑक्टोबरात येत होती.

मधली मुलगी जेनील नवऱ्याला आणि पोरीला घेऊन उन्हाळ्यापासून तळघरात राहायला आली होती. त्यांचं घर बांधून व्हायचं होतं. तिची ओकली चार वर्षांची झाली होती आणि तिला अजून स्वतःची पिशवी नव्हती.

"आई, रीडची पिशवी ओकलीला देऊया," जेनील उन्हाळ्यातच म्हणाली होती. "चांगली जाड आहे. आणि त्याची खोली तशीही आम्हीच घेतलीय."

"त्यातलं खाणं ऑक्टोबरापर्यंत चांगलं आहे."

"आणि ऑक्टोबरात?"

"ऑक्टोबरात रिकामी करीन," व्हर्डा म्हणाली. ती शिकवायची तेच होतं ते, पिशवी घरातल्या माणसासाठी असते. शब्द दिला तेव्हा ऑक्टोबर लांब होता. पण पिशवी एकदा रिकामी केली की रीड आता यायचा नाही हे आपण आपल्या हाताने कबूल केलं, हे तिला पक्कं माहीत होतं आणि त्यामुळे तिला महिनाभर धड जेवण गेलं नव्हतं.

अधिवेशनाच्या शनिवारी सकाळी भट्टीत दालचिनीचे रोल फुगत होते. ते त्या दिवशी सगळ्यांच्याच घरी होतात. व्हर्डा आर्लोचा कामाचा डगला धुवायला काढत होती. आर्लोच्या टर्कींच्या शेड होत्या आणि त्या डगल्याला बाराही महिने टर्कींचा वास यायचा. एप्रिलात आणि ऑक्टोबरात मात्र त्यात दालचिनीही मिसळायची. खिशात हात घातला तर आजही चॉकलेट-शेंगदाण्याच्या वड्यांची वेष्टनं निघाली. आर्लोला साखरेचा आजार होता. अधिवेशनाच्या नावाखाली हा माणूस रोलही चोरतो आणि वड्याही चोरतो, असा व्हर्डाचा जुना हिशेब होता. दरवेळी ती बोलायची आणि दरवेळी तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा.

"आर्लो, पाय कापतील तेव्हा माझ्याकडे येऊ नकोस," ती आतूनच म्हणाली.

"कापल्यावर चालत येणार तरी कसा," आर्लो म्हणाला आणि शेडकडे निघून गेला.

पिशव्या त्या दिवशी जेनीलने वर आणल्या, तिन्ही. व्हर्डाची आणि आर्लोची टेबलावर रिकामी झाली. टीव्हीवर एक म्हातारे गृहस्थ धीर धरण्याविषयी बोलत होते. ओकली ओटची वडी चघळत त्यांच्याकडे पाहत होती.

"उघडू का मी?" जेनीलने रीडच्या पिशवीवर हात ठेवला.

"राहू दे. मी उघडते."

तिने चेन ओढली आणि दालचिनीचा भपकारा आला. तिला आधी वाटलं भट्टीतले रोल करपले. तिने मागे वळून पाहिलं. रोल ठीक होते. मग तिने पिशवीत हात घातला.

तिने भरलेले ठोकळे तिथे नव्हते. त्यांच्या जागी चॉकलेट-शेंगदाण्याच्या वड्या होत्या, ती वर्गात नाव घेऊन बाद करायची त्याच. तारीख पुढच्या वसंताची, म्हणजे कालपरवाच घेतलेल्या. मोजे नवे होते. एकोणीस वर्षांच्या मुलाचा सदरा जाऊन तिथे भरलेल्या अंगाच्या पुरुषाचा सदरा आला होता. आणि वड्यांच्या मधोमध दालचिनीच्या गमचं पाकीट होतं. रीडला शाळेपासून तेच आवडायचं.

"तूच घातलंस?" जेनीलने विचारलं. "आई, गम?"

व्हर्डाने डगल्याच्या खिशातलं वेष्टन आणून वडीशेजारी ठेवलं. दोन्ही एकच. दोन्हींना तोच वास. ती मागच्या दाराने अंगणात गेली, आणि गुडघ्यांची पर्वा न करता तशीच शेडपर्यंत चालत गेली. हातात वडी होती.

आर्लो पाण्याच्या नळाशी उभा होता. त्याने वडी पाहिली आणि नळ बंद केला.

"केव्हापासून?" तिने विचारलं.

"तू ते ठोकळे भरलेस ना, त्याच्या पुढच्या एप्रिलापासून."

"माझे ठोकळे कुठे आहेत?"

"टर्कींना घातले." आर्लोने भर घातली, "त्यांनीही खाल्ले नाहीत."

इतर कुठल्याही दिवशी ती हसली असती. "का बदललेस?"

"पाच वर्षांचं भरलं की पाच वर्षं कुणी त्या पिशवीकडे बघत नाही," आर्लो म्हणाला. त्याला बोलायला वेळ लागत होता. "हे सहा महिन्यांनी बदलावं लागतं. मग बघणं होतं. जुनं मी खातो. टाकायचं नाही म्हणून."

"साखर असताना?"

"वर्षातून दोनदाच."

"आणि गम का घातलंस? जन्मभर मी कुणासाठी घसा फोडतेय?"

"त्याला आवडतं," आर्लो म्हणाला. "वासाचं माझ्या लक्षात आलं नाही. मग खाल्ल्यावर आलं. पुढच्या वेळी काढावंसं वाटलं नाही."

व्हर्डाला भरून यायला हवं होतं आणि आलंही, पण त्याच्या आधी राग आला. रात्र रात्र ती एकटी जागली होती. हा माणूस प्रार्थनेत खाकरत होता आणि तळघरात जाऊन पोराचे मोजे बदलत होता.

"तळघरात माया करतोस," ती म्हणाली. "ते पोराला कुठून कळणार? पिशवी फोन करते का त्याला? सदऱ्याचं माप कसं कळलं तुला?"

"जेनीलच्या फोनमध्ये फोटो होता. खांदे रुंद झालेत."

"मग त्याला सांग. रुंद झालेत म्हणून सांग. काहीही सांग."

"काय सांगू? तो उचलणार नाही."

"माझ्या फोनवरून उचलतो."

तिने ॲप्रनच्या खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि त्याच्या हातात दिला. आर्लोने तो कानाला लावण्याआधी हात विजारीला पुसला. पलीकडून "आई?" ऐकू आलं. आर्लोला घसा खाकरावा लागला.

"आई नाही. मी आहे," तो म्हणाला.

रीडने घाईने विचारलं, "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. इथेच उभी आहे. ओरडतेय." आर्लोने व्हर्डाकडे पाहिलं. तिने मान हलवली, पुढे बोल. "ते, रीड... तुझी पिशवी भरायचीय. आज अधिवेशन. त्यात काय घालू ते विचारायला फोन केला."

"माझी पिशवी?" रीड म्हणाला. "ती अजून आहे?"

"म्हणजे काय, असणारच."

"बाबा, मी येऊन किती वर्षं झाली. तुम्ही ती कुणालातरी द्यायची होती."

"ती तुझी आहे," आर्लो म्हणाला. मग त्याला एवढं पुरेसं वाटलं नसावं, कारण त्याने डोळे मिटले आणि एका दमात बोलून टाकलं. "त्या दिवशी मी जे बोललो ते बोलायला नको होतं. तू आजारी होतास आणि मी लोकांचा विचार केला. मला समजलं नाही."

टर्कींचा कलकलाट चालू होता. व्हर्डाला वाटलं, पलीकडून फोन ठेवला की काय. आर्लोने तो कानाला इतका दाबला होता की बोटं पांढरी पडली होती.

"आत्ता पिशवीत काय आहे?" शेवटी रीडने विचारलं.

"चॉकलेट-शेंगदाणे. पण सगळ्यांना दालचिनीचा वास लागलाय. मी गम घातलं होतं."

"आईच्या घरात? गम?" रीड हसला. पोटातून नाही, पण हसला. "तुम्हाला घरात कसं ठेवलंय अजून?"

"शेडमध्येच आहे मी."

मग ते खाणीबद्दल बोलले, पाळ्यांबद्दल बोलले, आर्लोच्या साखरेबद्दल बोलले. व्हर्डा दूर जाऊन कुंपणाला टेकून उभी राहिली. आर्लोने फोन परत दिला तेव्हा तो बंद झाला होता.

"येतो म्हणाला?" तिने विचारलं.

"नाताळात चार दिवस सुट्टी मिळते म्हणाला. बघतो म्हणाला."

"बघतो म्हणजे?"

"म्हणजे बघतो."

व्हर्डाने आणखी उकरलं नाही. 'बघतो'चे दोन्ही अर्थ होतात हे चार मुलं वाढवलेल्या बाईला सांगावं लागत नाही. ती घरात आली. दालचिनीचा वास लागलेल्या सगळ्या वड्या तिने ताटलीत मांडून टीव्हीसमोर ठेवल्या. जेनीलने एक खाल्ली, आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ओकलीला सांगितलं की तुला नवी पिशवी आणू, गुलाबी. आर्लोने एक उचलली. व्हर्डाने ती त्याच्या हातातून काढून घेतली, अर्धी मोडली आणि अर्धी त्याला परत दिली.

सोमवारी ती दुकानात गेली. वड्यांच्या फळीसमोर उभी राहिली आणि सवयीने कोपरापर्यंत हात आत घातला. शेवटच्या रांगेतलं पाकीट तिच्या बोटांना लागलं. ते तिने सोडून दिलं, हात बाहेर काढला, चष्मा खाली आणला आणि पुढच्या रांगेतल्या तारखा वाचायला लागली. एक वाचायची, परत ठेवायची, दुसरी घ्यायची. शेजारी लारूची सामानाची ढकलगाडी येऊन उभी राहिली ते तिला कळलंच नाही.

"व्हर्डाताई, या कसल्या घेतेस?" लारूने टोपलीत वाकून पाहिलं. "शेंगदाण्याच्या? आणि तारीख बघितलीस का? या तर नाताळापर्यंतच टिकतील."

"बघितली."

"आणि गम? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. अगं, मागे हात घाल की. मागे पुढच्या वर्षीच्या असतील."

"आहेत. हाताला लागल्या मघाशी," व्हर्डा म्हणाली. तिने गमचं पाकीट वड्यांच्या मधोमध नीट बसवलं. "मला नाताळापर्यंतच्याच हव्यात."